डाव्या कोपऱ्याचं पाणी

लहान आतडी सगळी उजवीकडे सारा, मी म्हणते,
ओलं धुणं दोरीवर सरकवतात तशी.
ओढू नका. ओढलं की तुटतं
आणि मग तोंडी परीक्षेत मलाच विचारता,
मॅडम, ती होती का तिथे?

धुळ्याचा एप्रिल. पंखा फॉर्मेलिनच ढवळतोय.
टेबल क्रमांक चार, सहा मुलं, दोन चिमटे,
आणि डोळ्यांना धार, ती रडण्याची नाही.

महारोहिणीच्या डाव्या कुशीला,
कमरेच्या तिसऱ्या मणक्यासमोर,
मोठा प्रवाह दोन मांड्यांकडे फुटायच्या
दोन बोटं आधी, ती निघते.
पेन्सिलीहून बारीक. नाव मात्र
कॉपीची अख्खी ओळ खातं.
एक फाटा डाव्या आतड्याकडे चढतो,
दोन-तीन नागमोडी वळणाला जातात,
आणि उरलेली ती स्वतः कटीचा उंबरा ओलांडून
खाली उतरते, तिथून पुढे नाव वेगळं.
लग्न झालं का तिचं, मागून कुणीतरी पुटपुटतं.
हसू देते. लक्षात राहील निदान.

आतड्याच्या काठाकाठाने बघा आता.
सगळे फाटे एकमेकांना मिळतात तो हा काठचा पाट.
वरच्या रोहिणीचं पाणी इकडून,
खालचीचं तिकडून,
आणि प्लीहेखालच्या डाव्या कोपऱ्यात
दोन्हींचं शेवटचं टोक.
कुणाकुणात तिथे पाट जुळतच नाही.

"तठे पानी उशिरा पोचस," उखा आप्पा म्हणाले.
बादली हातात, नजर टेबलावर.
वीस वर्षं या हॉलचे शिपाई,
त्याआधी पांझरेच्या फडावर पाटकरी.
मी आकृती काढायला खडू घेतला होता,
तो तसाच ठेवला.

"मॅडम, ही बंद आहे."
धडगावची हर्षला पावरा. कधी बोलत नाही.
उगमापाशीच चिमटा कुरकुरला,
चहाच्या जुन्या पातेल्याला बुडाशी चुना धरतो
तसलं काही आत.
मी बोटाने दाबलं. खडा.
म्हणजे खालचं सगळं डावं आतडं
काळं पडून, सडून,
हा माणूस केव्हाच
...पण आतडं धड होतं.
राखाडी, सगळ्यांचं असतं तसं, आणि धड.

मग आम्ही उलटे गेलो. कोपऱ्याकडे.
चरबी पुसत, अर्धा तास, जेवणाची सुट्टी बुडवून.
आणि तो सापडला:
काठचा पाट, करंगळीएवढा फुगलेला,
वळणं घेत, वरच्या रोहिणीकडून खाली आलेला,
पुस्तकात जिथे पाणी संपतं
तिथून बिनदिक्कत पुढे.

असं एका दिवसात होत नाही.
वर्षं लागतात. थोडं थोडं बंद व्हावं लागतं
आणि थोडं थोडं कुणी रुंद व्हावं लागतं.
त्याला कळलंही नसेल.
भाकरी, ठेचा, दुपारची झोप,
आत कोपऱ्यावर हा सगळा कारभार.

"आमनं खालनं धरन फुटनं व्हतं एक साल," आप्पा म्हणाले.
"वरला गावनी रातले पानी सोडं.
कोन्हाले सांगं नही."
कागद नाही? मी विचारलं.
आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी पुढचा प्रश्न मुलांना विचारला.

देहदानाच्या फायलीत: पुरुष, अठ्ठ्याहत्तर,
मृत्यू झोपेत. व्यवसायापुढे नुसती रेघ.
हर्षलाने तो पाट वहीत काढला,
लाल पेन्सिल दोनदा तासली.
खाली नाव काय लिहू, म्हणाली.
एक परदेशी नाव आहे, ते मी सांगितलं.
तिने लिहिलं. कंसात बारीक अक्षरात
अजून काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

आप्पा तोवर मोरीशी फरशी धूत होते.
पाणी दुसऱ्याच कोपऱ्यात साचत होतं,
झाडूच्या टोकाने त्यांनी एक रेघ ओढली,
ते चालू लागलं.